तिसऱ्या दिवसाची कुदळ

एका विद्यार्थिनीच्या पत्राचा सारांश :

‘मी २० वर्षांची आहे. घर ठाण्याला, शिक्षण इंग्लंडमध्ये. जूनच्या मध्याला आम्ही चार विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून टांझानियात, इरिंगाजवळच्या एका खेड्यात आलो. दहा आठवडे राहायचं आहे, त्यातले चार संपले. आलो तेव्हा शाळेला सुट्टी होती. आता शाळा उघडली आहे, पण मी वर्गात शिरले की तिथले शिक्षक उठून स्टाफरूममध्ये जातात, आणि मुलांना माझं इंग्रजी कळत नाही. ज्या घरात राहते तिथली आई मला ताटसुद्धा उचलू देत नाही. पहिल्याच रात्री तिने माझ्यासाठी कोंबडी कापली आणि मी शाकाहारी. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पोरं माझ्या मैत्रिणींना “म्झुंगू”, म्हणजे गोरी, आणि मला “म्हिंदी” अशा हाका मारतात. शेजारची बाई मुलाच्या गणवेशाला पैसे मागते. एक क्षण एकटीला मिळत नाही, आणि तरी इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. संध्याकाळी आम्ही चौघं जमतो आणि फक्त तक्रारी करतो. आईबाबांनी या सगळ्यावर बराच खर्च केला आहे. माझा इथे काही उपयोग नाही, हे मला कळून चुकलंय. ताई, परत येऊ की राहू?’

*

स्वाहिलीत एक म्हण आहे, एव्हाना तुझ्या कानावर पडली असेल : ‘म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेम्बे.’ पाहुण्याला दोन दिवस पाहुण्यासारखं वागवा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. आपल्याकडेही पाहुण्याचे दिवस मोजतात. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. आपण तिसऱ्या दिवशी पाहुण्याची अक्कल काढतो, ते लोक त्याला शेतावर घेऊन जातात. मला त्यांची म्हण जास्त मायेची वाटते. ज्याच्या हाती कुदळ दिली तो आपल्यातला झाला.

तुला तिथे चार आठवडे झाले, पण तुझा दुसरा दिवस अजून सरलेला नाही. पत्रातलं बहुतेक दुःख मला तिथून आलेलं दिसतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी तीन वर्षं टांझानियात काढली आहेत, मोरोगोरोच्या बाजूला. त्यातलं दीड वर्ष जवळच्या एका गावातल्या शाळेत गणित शिकवायला जात होते. तुझ्या वाट्याला आलेलं बरंचसं माझ्याही वाट्याला आलं होतं, आणि एक चूक तर मी तुझ्याहून मोठी केली. ती पुढे सांगते.

आधी ‘उपयोग’. हा शब्द तुझ्याकडे कुठून आला ते आठवून बघ. संस्थेच्या माहितीपत्रकातून आला असेल, आईबाबांच्या खर्चातून आला असेल, परतल्यावर लोक ‘काय केलंस तिथे?’ विचारतील त्या धास्तीतून आला असेल. गावाने तो उच्चारलेला नाही. तू यायच्या आधीही तिथे शाळा भरत होती, मका पिकत होता, निवडून दिलेला म्वेन्येकिती होता, म्हणजे आपल्या सरपंचासारखा, आणि म्तेंदाजी होता, म्हणजे ग्रामसेवकासारखा. बाळंतपणं होत होती, भांडणं मिटत होती. आता उलटं करून बघ. इरिंगाची वीस वर्षांची मुलगी, मराठीचा गंध नाही, अकोले तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत दहा आठवड्यांसाठी येते. चौथ्या आठवड्यात ती डोळ्यांत पाणी आणून म्हणते, माझा इथे काही उपयोग नाही. तिथल्या बाया तिला काय सांगतील? ‘अगं, बस जरा. भाकरी थापायला तरी शीक.’

या दहा आठवड्यांत गावाला तुझ्याकडून जेवढं मिळेल त्याच्या कितीतरी पट तुला गावाकडून मिळणार आहे. हे मनाशी कबूल केलंस तर अर्धं ओझं आत्ताच उतरेल. आईबाबांचा खर्चही तुझ्या शिक्षणावरच झाला आहे असं धर, कारण तसंच आहे. उरलेलं अर्धं ओझं कामाने उतरेल, आणि कामाला तोटा नाही.

इरिंगाच्या डोंगराळ भागात जून ते ऑगस्ट म्हणजे मक्याची सुगी. आत्ता तुझ्या अंगणात कणसांचा ढीग असणार. दाणे सोडवण्याला ‘कुपुकुचुआ’ म्हणतात. बायका-पोरं दुपारभर चटईवर बसून हेच करतात. वाळलेल्या कणसाची एक ओळ आधी अंगठ्याने मोकळी करायची. तेवढी वाट झाली की शेजारची ओळ तळव्याच्या उंचवट्याने त्या रिकाम्या जागेकडे ढकलायची, मग दाणे पटापट सुटत येतात. पहिल्या दिवशी अंगठ्याला फोड येतो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तुझी दया येऊन दाणे काढलेल्या रिकाम्या बुरखुंडाने घासायची युक्ती दाखवतं. ‘मी मदत करू का?’ असं विचारू नकोस. पाहुण्याने विचारलं की यजमान नाहीच म्हणणार, आपल्याकडे ‘असू दे गं, तू बस’ म्हणतात तसंच. सरळ चटईवर जाऊन बस, कणीस उचल आणि म्हण, ‘निफुंदिशे’, मला शिकव. चार आठवडे ती माउली तुला नुसतं वाढते आहे. तिच्या हातात काय कसब आहे ते तुला कुणी दाखवलंच नाही, तिलाही दाखवता आलं नाही.

आणि तिला हाक कशी मारतेस? तिथे बाईला थोरल्या लेकराच्या नावाने ओळखतात, आपल्याकडच्या ‘बंड्याच्या आई’सारखं. तीच हाक तूही मार.

त्या कोंबडीचं. खेड्यातल्या घरात कोंबडी रोजच्या जेवणासाठी नसते, मानाच्या पाहुण्यासाठी राखलेली असते. तू नको म्हणालीस तेव्हा तिला वाटलं, हिने आपला मान परतवला. पण हे अजूनही निस्तरता येईल. स्वाहिलीत ‘म्विको’ असा शब्द आहे. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, ढवळायच्या लाकडी पळीला म्विको म्हणतात आणि वर्ज्य गोष्टीलाही म्विकोच म्हणतात. तिकडे कितीतरी कुळांना अमुक प्राणी, अमुक मासा चालत नाही, त्यामुळे हा शब्द कुणालाही लगेच कळतो. ‘क्वेतू न्यामा नी म्विको’, आमच्या घरी मांस वर्ज्य आहे. ‘मला आवडत नाही’ म्हणून जे तिच्यापर्यंत पोहोचलं नाही, ते या एका वाक्याने पोहोचेल. लगोलग सांग की तुझ्या हातची म्चिचा मला फार आवडते. म्चिचा म्हणजे आपल्या माठाच्या जातीचीच पालेभाजी, आणि तिकडे पालेभाजीत शेंगदाण्याचं कूटही घालतात. मी पहिल्यांदा ती खाल्ली तेव्हा आईच्या स्वयंपाकघराची आठवण येऊन घास अडकला होता. उगाली हातानेच खायची. उजव्या हाताने गोळा तोडायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा, त्यात भाजी धरायची. तुझ्या मैत्रिणींना हे शिकावं लागतंय, तुझी बोटं लहानपणापासून तयार आहेत. एका रविवारी चपात्या तू लाट. शब्दही तोच आहे, आणि तिकडे चपाती सणावाराची असते.

आता शाळा. इथे मला तुझी संस्था चुकलेली दिसते. टांझानियात प्राथमिक शाळेच्या सात इयत्ता स्वाहिलीतून होतात. माध्यमिकला गेलं की भूगोल, जीवशास्त्र, सगळं एकदम इंग्रजीतून. मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी विज्ञानाला गेलेल्या कुणालाही विचार, पहिले सहा महिने कसे जातात. तिथल्या मुलांवर ही वेळ तेरा-चौदाव्या वर्षीच येते. २०१६ पासून सरकारी शाळांतली फी चौथ्या फॉर्मपर्यंत, म्हणजे माध्यमिकच्या चौथ्या वर्षापर्यंत, माफ झाली, पुष्कळ मुलं पुढे जाऊ लागली, पण भाषेची भिंत होती तिथेच राहिली. त्यामुळे तुझं इंग्रजी मुलांना कळत नाही यात तुझाही दोष नाही आणि त्यांचाही नाही. स्वाहिलीचा एक शब्द न बोलता तास घेणारी बाई वर्गावर पाठवणं हेच चूक होतं.

शिक्षक उठून जातात त्याचा अर्थ तू ‘यांना शिकवायचं नाही’ असा लावत असशील. मी तिथल्या शिक्षकांना जवळून पाहिलं आहे, म्हणून सांगते. इंग्लंडहून आलेल्या मुलीसमोर आपलं इंग्रजी उघडं पडेल, असा संकोच असू शकतो. ‘पाहुण्यांना वर्ग द्या’ असं मुख्याध्यापकांनी बजावलेलं असू शकतं. वह्यांचा गठ्ठा तपासायला दिवसातला तेवढाच वेळ मिळत असेल. विचार त्यांना, पण चारचौघांत नको, एकेकट्याला गाठून. आणि स्वतंत्र तास घेणं थांबव. सातवीची राष्ट्रीय परीक्षा सप्टेंबरच्या सुमारास असते. तोवर तू निघून गेली असशील, आणि अभ्यासक्रम मागे पडला तर ती पोरं भोगतील.

त्यापेक्षा आठवडाभर मागच्या बाकावर बसून नुसतं ऐक. मग शिक्षक शिकवतील आणि तू मागे पडलेल्या तीन-चार मुलांजवळ बसशील, असं ठरवून घे. शाळा सुटल्यावर अर्धा तास शिक्षकांबरोबर : पंधरा मिनिटं ते तुझ्याशी इंग्रजीत बोलतील, पंधरा मिनिटं तू त्यांच्याशी स्वाहिलीत. चुका दोघांच्याही होतील, त्यामुळे संकोच गळून पडेल. आणि एक वही कर. माध्यमिकच्या पहिल्या वर्षी लागणारे गणिताचे, विज्ञानाचे दोनशे शब्द, एकीकडे स्वाहिली, एकीकडे इंग्रजी, शिक्षकांनी तपासलेले. ती वही शाळेतच ठेवून ये. पोरं तुला ‘म्वालिमू’, म्हणजे शिक्षक, म्हणत असतील. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे मूळचे शिक्षक, आणि देश त्यांना आजही म्वालिमू म्हणूनच ओळखतो. तो शब्द तिथे हलका नाही.

स्वाहिलीचा धसका घेऊ नकोस. पेसा म्हणजे पैसे, दुका म्हणजे दुकान, हेसाबू म्हणजे हिशेब, वाकिली म्हणजे वकील, सेरिकाली म्हणजे सरकार, गुनिया म्हणजे गोणी, लाकी म्हणजे लाख. आपल्या आणि त्यांच्या किनाऱ्यांमध्ये शतकानुशतकं गलबतं ये-जा करत होती, त्यांच्याबरोबर शब्दही गेले-आले. वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणतेस ना? मुळात ‘तुमचे पाय धरते’ असा त्याचा अर्थ सांगतात. समोरून ‘मराहाबा’ आल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. घड्याळही लक्षात घे. तिकडे तास उजाडल्यापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे ‘साआ मोजा’, एक. ‘साआ म्बिली’ला बोलावलं तर आठला जायचं. दुपारी दोनला गेलीस तर सगळं आटोपलेलं असेल, आणि तू ‘इथे कुणी वेळ पाळत नाही’ म्हणत परत येशील.

‘म्हिंदी’ या हाकेने तू दुखावली आहेस. मुलांच्या तोंडी ती शिवी नाही, म्हिंदी म्हणजे हिंदी, भारतीय माणूस, एवढंच. मक्याला ‘माहिंदी’ म्हणतात, त्यावरून तुला दोन-चार दिवस चिडवतीलही. पण मोठ्यांच्या मनात त्या शब्दामागे इतिहास आहे, तो तुला ठाऊक असावा. जर्मन आणि मग ब्रिटिश अमलात तिथल्या गावोगावच्या दुकानांत बहुधा हिंदी माणूसच बसलेला असे, जास्त करून गुजराती. गल्ल्याच्या पलीकडे तो आणि अलीकडे गाव. १९७१ साली सरकारने भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती ताब्यात घेतल्या, तेव्हा पुष्कळ हिंदी कुटुंबं देश सोडून गेली. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या तिथे घाम गाळला त्यांच्यासाठी ती जखम होती, आणि दुकानदाराकडून तुसडेपणा सोसलेल्यांच्याही आठवणी होत्या. दोन्ही खरं आहे. तुझ्या गावातल्या आजोबांनी हिंदी माणूस कायम गल्ल्यामागे पाहिला असेल. तू चटईवर बसून दाणे सोडवताना ते पाहतील, हे मला फार मोलाचं वाटतं. पोरांना मात्र आपलं नाव सांग, आणि त्यांची नावं पाठ कर. चाळीस नावं आली की हाका आपोआप बदलतील.

आता पैसे, आणि माझी चूक. माझ्या वर्गात एक हुशार मुलगी अनवाणी यायची. तालुक्याच्या बाजारातून मी तिला बूट आणून दिले, वर्गातच दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात अकरा मुली उभ्या होत्या. कुणी ओरडत नव्हतं, मागत नव्हतं, नुसत्या उभ्या होत्या. त्या मुलीने बूट आठवडाभर घातले आणि मग बंद केले, कारण बाकीच्या तिच्याशी बोलेनाशा झाल्या. तिची मावशी मला येऊन म्हणाली, ‘आम्ही घेणारच होतो, मका विकला की.’ मी एका घराचा स्वाभिमान आणि एका मुलीच्या मैत्रिणी, दोन्ही घालवल्या होत्या. मुख्याध्यापकांनी तेव्हा सांगितलेलं मी पुढे नेहमी पाळलं : मदत करायची तर शाळा समितीकडे द्या, कुणाला द्यायची ते समिती ठरवेल, तुमचं नाव नको.

तुझ्या शेजारणीलाही हेच सांग. फी माफ असली तरी गणवेश, वह्या यांचा खर्च आई-बापांवरच असतो, ती खोटं बोलत नाही. ती मागते त्यात तुझा अपमानही नाही. तिथे ‘नाओंबा’ म्हणून मागणं आणि ‘आत्ता नाही’ म्हणून हसून सांगणं, दोन्ही रोजचंच आहे. नाही म्हण, पण तिच्या घरी जायचं सोडू नकोस. जाताना अर्धा किलो साखर ने, चहापत्ती ने, साबण ने. गावात मयत झालं तर बायकांबरोबर जमिनीवर जाऊन बस, ‘पोले’ म्हण, म्हणजे ‘वाईट झालं’, आणि सगळे देतात तेवढीच वर्गणी दे, जास्त नको. माझ्या दीड वर्षात गावाने मला मनातून जवळ केलं ते अशाच एका मयताच्या घरी. दोन तास मी कुणाशी काही बोलले नव्हते.

मुलांचे फोटो काढून लगेच सगळ्यांना दाखवत असशील तर ते बंद कर. तुझ्या भाचीचा नाक गळणारा फोटो परक्या देशात फिरलेला तुला चालेल का, एवढंच स्वतःला विचार.

एकटेपणावर माझ्याकडे एकच उपाय आहे : चौघांच्या बैठका रोजच्या ठेवू नका, आठवड्यातून दोनदाच करा. त्या दोन संध्याकाळी मनसोक्त रडा, इंग्रजीत बोला, हवं ते करा. बाकी पाच संध्याकाळी चुलीपाशी. आणि पहाटे अर्धा तास स्वतःसाठी मागून घे. ‘मी प्रार्थना करते’ म्हटलंस तर तिथे कुणी तो वेळ मोडणार नाही, आणि शांत बसणं ही प्रार्थनाच आहे.

तब्येतीत हयगय नको. इरिंगा थंड आहे म्हणून मलेरिया नाही असं समजू नकोस. गोळ्या चुकवू नकोस, मच्छरदाणी सोडू नकोस, ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात रक्त तपासून घे. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तरी डॉक्टरांना ‘मी टांझानियात होते’ हे आधी सांग. बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, हेल्मेटशिवाय बसू नकोस.

परत यायचं की राहायचं? आजारी असशील, रात्री झोप उडवणारी भीती वाटत असेल, कुणी अंगचटीला येत असेल, तर याच आठवड्यात नीघ, त्यात कमीपणा नाही. नुसती शरम वाटते म्हणून निघणार असशील तर दोन आठवडे थांब, वर सांगितलेलं करून बघ. त्यानंतरही जमलं नाही तर सातव्या-आठव्या आठवड्यात ये, पण घरोघरी निरोप घेऊन ये. रात्रीतून नाहीशी होऊ नकोस, आणि ‘मी परत येईन, पैसे पाठवीन’ असं कुणाला कबूल करू नकोस. पोरं ते शब्द वर्षानुवर्षं जपून ठेवतात.

हे वाचून ज्यांची मुलं पुढच्या वर्षी जायच्या तयारीत असतील त्यांनी संस्थेला आधी चार गोष्टी विचाराव्यात. त्या काळात शाळा चालू आहे का? गावाने माणसं मागितली आहेत का, आणि कशासाठी? भाषा कोण शिकवणार? परवान्याचं काय? टांझानियात नुसत्या पर्यटक व्हिसावर स्वयंसेवक म्हणून काम करता येत नाही, त्यासाठी ‘क’ वर्गाचा निवास परवाना असतो. आणि कृपा करून दोन-दोन आठवड्यांसाठी अनाथाश्रमात जाऊ नका. जीव लावून निघून जाणारी माणसं त्या मुलांच्या वाट्याला आधीच खूप आलेली असतात.

तू मात्र आज रात्रीपासून एक कर. जेवायला बसताना घरातली धाकटी मुलगी सगळ्यांच्या हातांवर पाणी घालत असेल, आणि पाहुणी म्हणून तुझ्या हातांवर आधी. आज तो पाण्याचा जग तू उचल. आधी आजोबांच्या हातांवर, जरा वाकून, मग घरातल्या बाकी मोठ्यांच्या, आणि शेवटी त्या धाकटीच्या हातांवर पाणी घाल. ती ओरडेल, हसेल, जग ओढून घ्यायला बघेल. सोडू नकोस.